उपासनेनंतरची पंगत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, अथणी या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आणि कॅथलिक धर्मग्रामांत रविवारची उपासना किंवा मिस्सा (कॅथलिकांची उपासना) संपली की चहा तरी होतो, नाहीतर पंगत बसते. हे काम ज्यांच्या अंगावर येतं, त्यांना नेहमी पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी मापं शंभर माणसांची आहेत. माणसं कमीजास्त असतील तर त्या हिशेबाने घ्या, फक्त भाताच्या पाण्याचं गणित वेगळं आहे. ते पुढे येईल.

प्रभुभोजन आणि प्रीतिभोजन एकच का?

नाही. प्रभुभोजन हा भाकर आणि द्राक्षारसाचा संस्कार आहे. तो वेदीपाशी, पाळकांच्या किंवा फादरांच्या हातून होतो. प्रीतिभोजन म्हणजे त्यानंतर सर्वांनी मिळून केलेलं साधं जेवण. सुरुवातीच्या काळात ही दोन्ही जवळजवळ असत, आणि तिथेच करिंथच्या मंडळीत घोळ झाला. ज्यांच्याकडे होतं ते आधीच जेवून मोकळे व्हायचे आणि ज्यांच्याकडे नव्हतं ते उपाशी राहायचे. प्रेषित पौलाने बायबलमधल्या १ करिंथकरांस या पत्रात, अध्याय ११ मध्ये त्यांना खडसावलं आणि जेवायला जमता तेव्हा एकमेकांसाठी थांबा, असं सांगितलं. पंगतीचे सगळे नियम या एका वाक्यातून निघतात. पुढे जे लिहिलं आहे ते त्याच वाक्याचं किलो-लिटरमधलं रूप समजा.

दर रविवारी जेवण ठेवायलाच हवं का?

मुळीच नको. दर रविवारी चहा, महिन्यातून एकदा पंगत आणि सणाला मोठं जेवण, एवढं झेपतं. दर आठवड्याला स्वयंपाक ठेवला की चार-पाच घरंच राबतात, सहा महिन्यांत ती दमतात आणि मग सगळंच बंद पडतं.

चहाचं माप: शंभर कप, प्रत्येकी साधारण १०० मिली. दूध ६ लिटर, पाणी ५ लिटर, चहा पावडर २५० ग्रॅम, साखर १ किलो, आलं १५० ग्रॅम. उकळताना लिटरभर आटतो, ते यात धरलं आहे. आलं आधी पाण्यात उकळून घ्या. थंड किंवा कोमट दुधात आलं घालून तापवलं की दूध फाटायची भीती असते. पावडर घातल्यावर चारेक मिनिटांत चहा गाळून स्टीलच्या थर्मास कॅनमध्ये भरा. पावडरीसकट चहा मंद आचेवर ठेवला की शेवटच्या वीस जणांना कडू काढा मिळतो. साखरेशिवायचा चहा दहा-बारा कप वेगळा काढा. मधुमेह असलेल्यांना तो मागायला लागू नये, कॅनवर चिठ्ठी लावून समोरच ठेवा.

चहाबरोबर बिस्किटं चालतात, पण मुलं सकाळपासून उपाशी असतात. उप्पीट केलं तर रवा ५ किलो पुरतो. इथल्या बऱ्याच घरांत दडपे किंवा फोडणीचे पोहेही सहज होतात, त्याला जाड पोहे ६ किलो घ्या.

किती माणसं धरायची?

आदल्या रविवारी जाहीर सूचनेच्या वेळी हात वर करायला सांगा, आणि मोजलेल्या दर दहा माणसांमागे दोन जास्त धरा. ते दोन म्हणजे पाहुणे, उशिरा आलेले आणि हात वर करायला लाजलेले. नाताळ, पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) आणि हंगामाची उपकारस्तुती या दिवशी मुंबई-पुण्याला गेलेली मुलं, गोव्याकडचे नातेवाईक येतात. त्या दिवशी दहाला चार जास्त धरा.

नावं लिहून घेऊ नका. यादी केली की यादीत नसलेला माणूस दारातूनच परत जातो.

शंभर माणसांसाठी साधा बेत सांगा.

भात, आमटी, वांग्याची भाजी, कोशिंबीर आणि शिरा. हा बेत आपल्या भागात सगळ्यांना चालतो, कुणाच्या पथ्यात बसत नाही असं फारसं होत नाही, आणि चार शेगड्यांवर साडेतीन तासांत उरकतो.

तांदूळ १० किलो. खानापूरकडचा नवा तांदूळ असेल तर तो चिकट होतो, पाणी थोडं कमी लागतं. पंगतीला जुना तांदूळ बरा, दाणा मोकळा राहतो. वासाच्या तांदळाचा हट्ट आमटी-भाताला नको.

आमटीला तूरडाळ ३ किलो. शिजवून, घोटून, पाणी घालून एकूण २० लिटर करा, म्हणजे माणशी २०० मिली. चिंच २५० ग्रॅम, गूळ २५० ग्रॅम, तेल अर्धा लिटर. तिखटाला घरची कांदा-लसूण चटणी घालत असाल तर ३०० ग्रॅमवर थांबा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं याच आमटीवर जेवणार आहेत. ज्याला तिखट हवं त्याच्यासाठी चटणी पानात वेगळी वाढा.

वांगी ८ किलो, शेंगदाण्याचं कूट पाऊण किलो, सुकं खोबरं ३०० ग्रॅम, तेल सव्वा लिटर. वांगी चिरून लगेच मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळी पडतात. आदल्या रात्री चिरून ठेवू नका.

कोशिंबिरीला काकडी ४ किलो, दही ३ किलो. मीठ आणि दही पंगत बसायच्या दहा मिनिटं आधीच घाला. आधी घातलं तर काकडी पाणी सोडते आणि ताटभर पांढरं पाणी पसरतं.

शिऱ्याला रवा २.५ किलो, साखर २.५ किलो, तूप १ किलो, दूध-पाणी मिळून साडेसात लिटर. दूध-पाणी उकळतं असायला हवं. गार घातलं की गुठळ्या होतात आणि एवढ्या मोठ्या कढईत त्या फुटत नाहीत. सणाला बेळगावचा कुंदा विकत आणायचा असेल तर माणशी ३० ग्रॅम, म्हणजे ३ किलो पुरे. गोड आहे, त्यामुळे कुणी जास्त घेत नाही.

आमच्याकडे भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. काय करावं?

अथणी, रायबाग, गोकाक या बाजूला ज्वारीची भाकरी हवीच. एक किलो पिठाच्या दहा-बारा भाकरी होतात. भात असताना माणशी दीड भाकरी धरा, म्हणजे दीडशे भाकऱ्यांना १४ किलो पीठ लागेल आणि तांदूळ सहा किलोंवर आणता येईल. दीडशे भाकऱ्या एका जागी बडवायला बसू नका. पंधरा घरांना प्रत्येकी दहा वाटून द्या, कापडात गुंडाळून उपासनेलाच आणायला सांगा. पातळ कडक भाकरी केली तर ती चार दिवस आधीही होते आणि टिकते. शेंगा चटणी आणि दही बरोबर असलं की त्या बाजूच्या माणसाला घरी जेवल्यासारखं वाटतं.

भात खाली लागतो आणि वर कच्चा राहतो. चूक कुठे होते?

एकाच पातेल्यात सगळे दहा किलो तांदूळ टाकता, इथे. थर जाड झाला की खालच्या भाताला जाळ लागत राहतो आणि वरच्याला वाफ पोहोचत नाही. पाच-पाच किलोंची दोन रुंद पातेली घ्या. पातेलं प्रत्येकी निदान २५ लिटरचं हवं, कारण भात फुगून तिप्पट होतो.

दुसरी चूक पाण्याची. घरी वाटीला दोन वाट्या पाणी घालतो, तेच प्रमाण इथे वापरलं की भात गिजगोळा होतो. मोठ्या पातेल्यात तांदळाच्या मानाने वाफ कमी निघून जाते. वाटीने नाही, वजनाने मोजा: किलोला दोन लिटर पाणी, नव्या तांदळाला पावणेदोन, हे घरच्या मापापेक्षा कमीच भरतं. पाणी आधी उकळा, मीठ घाला (किलो तांदळाला १५ ते २० ग्रॅम), मग भिजवून निथळलेला तांदूळ सोडा. पाणी तांदळाच्या पातळीला आलं की जाळ अगदी कमी करा, पातेल्याखाली जाड तवा सरकवा, ओलं फडकं आणि झाकण घालून वीस मिनिटं हात लावू नका. ढवळलं की दाणे मोडतात.

खाली लागलाच तर खरवडू नका. वरचा भात अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा. करपलेला थर एकदा हलला की वास सगळ्या भाताला लागतो.

आमटी खारट झाली तर?

बटाटा टाकून मीठ निघत नाही, तो थोडी आमटी शोषतो एवढंच. उपाय एकच: बिनमिठाची डाळ वाढवणं. म्हणून अर्धा किलो डाळ शिजवून बाजूला ठेवायची सवय लावा. मीठ एकाच माणसाने घालावं, हा नियम सगळ्यात मोलाचा आहे. येणारा-जाणारा चव बघून चिमूट टाकतो आणि आमटीची वाट लागते.

चिकन किंवा मटण ठेवायचं असेल तर?

चिकन हाडासकट १८ किलो, रस्सा २० लिटर. कांदा ४ किलो, सुकं खोबरं १ किलो, आलं-लसूण ७०० ग्रॅम, तेल दीड लिटर. मटण असेल तर १४ किलो, आणि शिजायला दीड ते दोन तास धरा. मोठ्या पातेल्यात नुसतं उकळायला यायलाच अर्धा तास जातो, हे लोक विसरतात.

मांस त्याच पहाटे आणा. शनिवारी संध्याकाळी आणून हळद-मीठ लावून बाहेर ठेवलेलं मांस रविवारी शिजवू नका, थंडीचे दिवस असले तरी. मोठा तुकडा हाडापाशी चिरून बघा, आत गुलाबी दिसलं तर अजून शिजवा. कच्चं मांस चिरलेल्या विळीवर किंवा पाटावर काकडी चिरायची नाही. दोन वेगळ्या विळ्या आणि चिरणारी दोन वेगळी माणसं ठेवा.

मांसाहारी पंगतीला शाकाहारी आमटी-भाजी असायलाच हवी आणि तिचा डाव, पळी वेगळी हवी. डुकराचं मांस घरच्या फेस्ताला (सणाला) चालत असेल, त्याचं सोरपोतेल गोव्याकडच्या कुटुंबांना प्रियही आहे. सामाईक पंगतीत मात्र ते नको. न खाणारी पुष्कळ माणसं आहेत आणि त्यांना विचारत बसावं लागू नये.

नऊची उपासना असेल तर वेळा कशा आखायच्या?

शनिवारी संध्याकाळी: भांडी, शेगड्या, पाणी जागेवर. तांदूळ निवडून, डाळ मोजून, मसाला वाटून तयार.

रविवारी साडेपाचला चूल पेटते. आधी डाळ, मग रस्सा किंवा भाजीचं वाटण. साडेआठला आमटी आणि भाजी झाकलेली हवी. भाताचं पाणी साडेनऊला चढवा. उपासना साडेदहाला सुटत असेल तर भात सव्वादहाला तयार होतो आणि गरम वाढला जातो. शिरा सगळ्यात शेवटी. प्रवचन लांबलं तर भात झाकून तसाच राहू द्या, पण दही कोशिंबिरीत घालू नका, ते थांबवता येतं.

उपासना संपल्यापासून पहिलं पान वाढेपर्यंत वीस मिनिटांहून जास्त गेली की माणसं पांगतात. लांबून आलेल्यांना बस गाठायची असते. खानापूरच्या आतल्या गावांत दुपारच्या गाड्या कमी असतात, हे वाढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

स्वयंपाक करणाऱ्यांची उपासना चुकते. काय उपाय?

ही तक्रार खरी आहे आणि ती टाळता येते. स्वयंपाकाची तुकडी दोन भागांत करा. पहिली साडेपाच ते साडेआठ राबते आणि हातपाय धुऊन पूर्ण उपासनेला बसते. दुसरी साडेनऊनंतर भात-शिरा बघते, तिला तीन-चारच माणसं लागतात. त्यांनी आदल्या संध्याकाळी किंवा पहाटेच्या वेळी हजेरी लावावी. कॅथलिक धर्मग्रामांत शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारच्या मिस्सेत धरली जाते, त्यामुळे तिथे अडचण नाही. तुकड्या दर महिन्याला बदला, आणि भात उपसायला, पातेली उचलायला पुरुष हवेतच. वीस लिटर आमटीचं पातेलं बायकांनी उचलायचं आणि पुरुषांनी अंगणात गप्पा मारायच्या, हे बंद व्हायला हवं.

आणखी एक. स्वयंपाक करणाऱ्यांची पानं आधीच काढून झाकून ठेवा, सगळ्या पदार्थांसकट. शेवटी उरेल ते खाणाऱ्या बायकांना बहुतेक वेळा गार भात आणि तळाची आमटी मिळते.

मिस्सेआधी स्वयंपाकाची चव बघितली तर कम्युनियन (प्रभुभोजन) घेता येतं का?

कॅथलिक नियमाप्रमाणे ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही. पाणी आणि औषध चालतं. वयस्कर, आजारी आणि त्यांची देखभाल करणारे यांना सूट आहे. त्यामुळे साडेआठपर्यंत मीठ बघून घ्या. नऊच्या मिस्सेत स्वीकारायची वेळ साधारण पावणेदहाला येते, तास भरतो. मेथॉडिस्ट किंवा सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत असा बांधील नियम नाही, आपापल्या पाळकांच्या रीतीने चाला.

उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) पंगत ठेवावी का?

रविवारी ठेवायला हरकत नाही, साधी ठेवा. राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे कॅथलिकांसाठी उपवासाचे आणि मांसवर्ज्य दिवस, उपवासकाळातल्या बाकी शुक्रवारीही मांस नाही. मांसवर्ज्याचं बंधन चौदा वर्षांपासून, उपवासाचं अठरा ते एकोणसाठ. उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना भर उन्हात बारा ते तीन असते. ती सुटल्यावर मऊ पेज, लोणचं आणि भाजलेला पापड एवढंच ठेवा. पेजेला तांदूळ ४ किलो पुरतो, पाणी आठपट. उपाशी पोटाला तेच सोसतं.

शिजलेलं अन्न किती वेळ चालतं? उरलं तर?

गरम राहिलं, म्हणजे साठ अंशांच्या वर, हात लावला तर चटका बसेल इतकं, तर चालतं. कोमट झाल्यापासून दोन तास, त्यापुढे नाही. एप्रिल-मेच्या उन्हात एक तासच धरा.

सगळ्यात फसवा पदार्थ भात. तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून सकाळचा भात रात्री फोडणी देऊन वाटायचा नाही. उलट्या सुरू झाल्या की दोष चिकनला दिला जातो, पण बऱ्याचदा कारण भात असतो.

उरलेलं अन्न पंगत उठताच, दुपारी एकच्या आत वाटून टाका. आजारी, अंथरुणावर असलेल्या माणसांचे डबे तर पंगत सुरू व्हायच्या आधीच भरा. उरलं तर पाठवू असं म्हटलं की ते उरत नाही. डबे पोहोचवायला दुचाकीवाली दोन मुलं आधी ठरवा.

पाणी, ताटं, पत्रावळ्या?

पिण्याचं पाणी ६० लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन जार, उन्हाळ्यात चार. हात धुवायला नळाखाली साबण हवा. नुसतं पाणी असेल तर मुलं बोटं ओली करून येतात.

कर्नाटकात प्लॅस्टिकच्या ताटल्या-कप-पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताट-वाट्या, चमच्यांवरही. पत्रावळी-द्रोण किंवा केळीची पानं घ्या. द्रोण गळका निघतो, म्हणून शंभरला १३० आणा आणि गळका वाटला तर आमटीला दोन एकात घाला. सगळ्यात उत्तम म्हणजे मंडळीची स्वतःची स्टीलची ताटं. एकदा दीडशे घेतली की वर्षानुवर्षं चालतात. घासायला ताटामागे तीन-चार लिटर पाणी लागतं, तेवढी टाकी आहे का हे खरेदीआधी बघा.

गॅसची काळजी कशी घ्यावी?

घरचे १४.२ किलोचे सिलिंडर अशा कामाला वापरायचे नसतात, १९ किलोचा व्यावसायिक घ्या. शंभर माणसांच्या एका बेताला एक पुरतो, पण दुसरा हाताशी हवा. सिलिंडर उभा, शेगडीपासून लांब, उघड्यावर. मांडवाच्या कापडाखाली शेगडी नको. पावसाळ्यात, विशेषतः खानापूर-बेळगावच्या जून ते सप्टेंबरच्या झडीत, लोक शेगडी ताडपत्रीखाली ओढतात. त्यापेक्षा त्या दिवशी बेत बदला, उप्पीट आणि चहा ठेवा. वाळूची बादली जवळ असू द्या, लहान मुलांना दोरी बांधून दूर ठेवा.

स्वयंपाकाऐवजी घरोघरचे डबे आणले तर?

चांगली पद्धत आहे, खर्च आणि कष्ट वाटले जातात. दोन गोष्टी मात्र पाळा. प्रत्येक घराने आपल्या माणसांपेक्षा दोन माणसांचं जास्त आणायचं. आणि डबे सामाईक टेबलावरच्या पातेल्यांत रिकामे करायचे. आपला डबा आपल्या कुटुंबात उघडून बसलं की ते करिंथच झालं. एकाच्या डब्यात बिर्याणी, शेजारी चपाती-चटणी, आणि एकटा आलेला विद्यार्थी दाराशी उभा.

कोणी काय आणायचं हे वस्तीप्रमाणे ठरवा: एका गल्लीने भाकरी-चपाती, दुसरीने भाजी, तिसरीने भात. मोकळं सोडलं की सगळे बटाट्याची भाजी आणतात. ज्या घरी जमणार नाही त्यांच्याकडे लिंबू, मीठ, पाण्याचे ग्लास असं काहीतरी सोपवा. रिकाम्या हाताने येण्याचा संकोच माणसाला उपासनेपासूनही दूर ठेवतो.

पंगत बरी की बुफे?

पंगत. जागा कमी असेल तर दोन पंगती करा, पण बसवून वाढा. बुफेत म्हातारी माणसं रांगेत उभी राहतात, धीट मुलं तीनदा जातात आणि मागच्याला तळ दिसतो.

पन्नास पानांच्या पंगतीला आठ वाढपी लागतात: भाताला दोन, आमटीला दोन, पाण्याला दोन, भाजीला एक, कोशिंबीर-चटणीला एक. सगळ्यांना वाढून झालं, आशीर्वाद मागितला, मगच पहिला घास. पंगत वीस-पंचवीस मिनिटांत उठते. पहिल्या पंगतीत म्हातारी माणसं, मुलं, लेकुरवाळ्या आणि बसने जाणारे. कमिटीचे सभासद आणि वाढपी शेवटच्या पंगतीत.

आता स्पष्ट बोलायला हवं ते. कुणाची पूर्वीची जात कुठली, कुणाचं कुटुंब जुनं, कुणी किती वर्गणी दिली, यावर बसायची जागा ठरत असेल तर ती पंगत प्रभूच्या घरची नाही. अशा जागा कुणी मुद्दाम ठरवत नाही, त्या सवयीने ठरतात. म्हणून सवय मोडायची युक्ती करा. माणसं येतील त्या क्रमाने बसवा, गटाने नाही. पाळकांची खुर्ची-टेबल वेगळी मांडू नका, त्यांनाही पंगतीतच बसवा. आणि स्वयंपाकघरात कोणाला घ्यायचं आणि कोणाला फक्त भांडी घासायला द्यायची, याची वाटणी वर्षभर तीच राहत असेल तर ती उलटी करा.

आमच्याकडे मराठी, कन्नड आणि कोकणी अशा तीन भाषांची माणसं आहेत. एकत्र बसतील का?

बसतात, बसवायला हवं. बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला तो याच मिश्र भूमीवर, आणि आजही एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या भाषांत मिस्सा होतात. त्यामुळे एका मंडळीतली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना भेटतच नाहीत. सामाईक पंगत ही त्यांची भेटायची एकमेव जागा असू शकते. दोन उपासनांच्या मधली वेळ धरा, म्हणजे एकांचं सुटल्यावर आणि दुसऱ्यांचं सुरू व्हायच्या आधी सगळे असतील.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ उघडून बघा. मंडळीतली पहिली कुरकुर वाढण्यावरूनच झाली, आणि तीही भाषेच्या भेदावरून: ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी त्यासाठी सात विश्वासू माणसं निवडायला लावली. आपणही तेच करावं. वाढप्यांत प्रत्येक भाषेची माणसं हवीत, सूचना प्रत्येक भाषेत हवी. ‘जेवून जावा की’ आणि ‘ऊटा माडरी’ दोन्ही ऐकू आलं की माणूस थांबतो.

नवीन आलेल्या माणसाशी काय बोलावं?

आडनाव आधी विचारू नका. आपल्याकडे आडनावावरून जात काढली जाते आणि समोरच्याला ते लगेच कळतं. ‘कुठून आलात?’ आणि ‘बसा की आमच्याबरोबर’ एवढं पुरे. वसतिगृहात राहणारी मुलं, ईशान्येकडून किंवा केरळातून शिकायला आलेली, लष्करी छावणीतली कुटुंबं, यांना भाषा येत नसते. त्यांच्याशेजारी हिंदी-इंग्रजी बोलणारं एखादं घर मुद्दाम बसवा. पहिल्याच दिवशी वर्गणीपुस्तक पुढे करू नका.

शेजारचे हिंदू, मुसलमान, जैन आले तर?

त्यांना मानाने बसवा. जैन शेजारी येणार असतील तर कांदा-लसूण-बटाट्याशिवायची एक आमटी-भाजी वेगळ्या भांड्यात करा. मांसाहारी बेत असेल तर काय आहे ते आधी स्पष्ट सांगा, मुसलमान शेजाऱ्यांसाठी मांस हलाल दुकानातूनच आणा. पंगतीत धर्मप्रचार नको. जेवायला बोलावलं आहे, तर जेवू घाला.

पैसा कुठून आणायचा?

दारात माणशी पैसे घेऊ नका. ज्याच्या खिशात नाहीत तो जेवत नाही आणि पुढच्या वेळी येतही नाही. वेगळी पंगतपेटी ठेवा, बंद पाकीट टाकता येईल अशी. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, बाप्तिस्मा, कुणाची वार्षिक आठवण यानिमित्ताने घरं पंगत देतात, ते घ्या. त्याची जाहिरात मात्र नको. श्रीमंत घराच्या पंगतीला पाच पदार्थ आणि गरीब घराच्या पंगतीला दोन, असं झालं की गरीब पुढे येत नाही. म्हणून बेत मंडळीने ठरवलेला एकच ठेवा आणि देणाऱ्याला त्यातला जमेल तेवढा भाग उचलू द्या. सुगीनंतर खानापूरकडून तांदूळ, अथणी-रायबागकडून ज्वारी, निपाणी-गोकाककडून गूळ असं धान्यरूपाने येतं, ते पैशाइतकंच मोजून वहीत लिहा. हिशेब दर महिन्याला फलकावर लावा, दोन सह्यांसकट.

परवाना लागतो का?

अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे, आणि धार्मिक-सामाजिक कार्यक्रमात नियमित अन्नवाटप करणाऱ्यांची साधी नोंदणी त्यात येते. तुमच्या तालुक्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे जाऊन विचारा. केटरर बोलावत असाल तर त्याचा १४ अंकी परवाना क्रमांक बिलावर आहे का ते बघा.

दुःखाच्या घरी काय करावं?

त्या घरी तीन दिवस चूल पेटणार नाही असं धरून शेजारच्या घरांनी वेळा वाटून घ्याव्यात: सकाळचा चहा-नाश्ता एका घराकडे, दुपार दुसऱ्याकडे, रात्र तिसऱ्याकडे. पहिल्या दिवशी पंचवीस माणसांचं, पुढे घरातली माणसं अधिक पाच. मसाल्याचं नको, वरण-भात, भाकरी, पातळ भाजी. त्यांच्याकडची भांडी वापरू नका, आपल्या डब्यात न्या आणि धुवायला घरी आणा. आठवणीच्या उपासनेनंतर जेवण ठेवायचा आग्रह त्या घराला करू नका. कर्ज काढून पंगती दिल्या जातात. मंडळीने चहा ठेवावा.

भाड्याची भांडी परत करताना कमी पडतात. काय करावं?

आणतानाच पातेली, झाकणं, डाव, ओगराळी, ताटं मोजून वहीत लिहा आणि ज्यांच्याकडून आणली त्यांची सही घ्या. झाकणं आणि डावच हरवतात, कारण उरलेलं अन्न नेताना ते डब्याबरोबर जातात. त्यासाठी जुने स्टीलचे डबे मंडळीकडे वेगळे ठेवा, नाव रंगवून. पंगत उठल्यावर आधी भाड्याची भांडी घासा, मग आपली. दुपारी चारच्या आत ती परत गेली तर बहुतेक ठिकाणी एकाच दिवसाचं भाडं लागतं.